लोकाश्रयाचा हिशेब

धर्मादाय संस्थांच्या चिटणिसांसाठी लिहिलेल्या या ग्रंथाला प्रस्तावना जोडावयाची म्हणजे ज्या विषयावर प्रत्येक संस्थाचालकाचे स्वतंत्र मत असते, आणि ते बहुधा त्याच्या सहकाऱ्यांच्या मताशी जुळत नसते, अशा विषयात हात घालावयाचा, याची मला पूर्ण जाणीव आहे. संस्थेचे नाव ठरलेले असते, घटना मंजूर झालेली असते, पदाधिकारी निवडले जाऊन चहापान चाललेले असते, आणि अशा वेळी कोणीतरी हळूच "पण पैशाचे काय?" असे विचारतो, त्या क्षणापर्यंत उत्साहाने बोलणारी मंडळी मग एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. या प्रश्नाला उत्तर देणारी पुस्तके आजवर थोडी झालेली नाहीत. परंतु पैसा कोणापाशी आहे हे हुडकावे आणि त्याला कसे वश करावे हे शिकून घ्यावे, इतक्यावरच त्यांतील बहुतेकांची मजल थांबते. प्रस्तुत ग्रंथकर्त्याने देणगी मागण्याइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, लक्ष देणगी मिळाल्यानंतरच्या वर्तनाकडे दिले आहे, आणि ते मला योग्य वाटते. पहिली देणगी भिडेखातरही मिळू शकते. दुसरी मात्र पहिलीचा हिशेब पाहून मिळते, आणि संस्था जगतात त्या दुसऱ्या, तिसऱ्या व दहाव्या देणगीवर.

महाराष्ट्रात सार्वजनिक कार्यासाठी लोकांकडे हात पसरण्याची रीत फार जुनी नाही. पेशवाईत विद्येला आश्रय मिळे तो राजाचा. श्रावणमासात पुण्यास दक्षिणा वाटली जाई, शास्त्रीपंडितांना वर्षासने मिळत, देवस्थानांना इनाम गावांच्या सनदा होत. त्यात घेणाऱ्याची योग्यता पाहिली जात असली, तरी हिशेब विचारणारा कोणी नसे आणि देणारा एकच असे. राज्य गेल्यावर त्या दक्षिणेच्या पैशाचा काही भाग एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत विद्येकडे वळविण्यात आला आणि १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तरीही आश्रय सरकारचाच राहिला. पुढे १८८० च्या जानेवारीत चिपळूणकर, टिळक प्रभृतींनी न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तेव्हा प्रथमच संस्थानिक, सरदार, वकील आणि सामान्य पगारदार या सर्वांपुढे एकाच वेळी एकच मागणी गेली. महादेव बल्लाळ नामजोशी संस्थानांच्या राजधान्या पालथ्या घालीत, आणि पुढे गोपाळ कृष्ण गोखले वर्गणीसाठी घरोघर हिंडत. या दोघांच्या पाठीशी वक्तृत्वापेक्षा मोठे बळ होते ते सोसायटीच्या आजीव सेवकांच्या बांधिलकीचे: वीस वर्षे संस्थेत राहावयाचे आणि महिना पंचाहत्तर रुपयांच्या सुमाराच्या वेतनावर समाधान मानावयाचे. देणगीदार तोंडाने विचारो वा न विचारो, त्याच्या मनातला पहिला प्रश्न 'तुम्ही स्वतःचे काय घातले?' हाच असतो, आणि या मंडळींना तो ऐकून कधी खाली पाहावे लागले नाही.

या प्रश्नाला ज्यांच्या आयुष्याने सर्वात पूर्ण उत्तर दिले ते धोंडो केशव कर्वे. ग्रंथकर्त्याने त्यांच्यासाठी केवळ दोन पृष्ठे खर्ची घातली असल्यामुळे ती उणीव येथे भरून काढण्याची मोकळीक मी घेत आहे. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत. स्वभाव संकोची, वाणी साधी, सभा जिंकण्याची कला अंगी मुळीच नाही. निधी गोळा करण्यास अपात्र असा मनुष्य कोणास शोधावयाचा असता, तर प्रथमदर्शनी त्यांचेच नाव पुढे आले असते. परंतु १८९६ साली त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली, डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारखा सर्वमान्य पुरुष अध्यक्षस्थानी आणला, आणि कॉलेजच्या सुट्या देणग्यांसाठी प्रवास करण्यात घालविण्यास आरंभ केला. त्यांनी १८९३ मध्ये स्वतः विधवेशी विवाह केलेला असल्यामुळे सनातनी समाज त्यांच्यावर रुष्ट होता. त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले होते. तथापि त्याच मुरूडच्या हितासाठी बाहेरगावी नोकरी करणाऱ्या मंडळींकडून त्यांच्या मिळकतीचा लहानसा अंश नियमाने जमा करणाऱ्या मुरूड फंडाचे काम त्यांनी पूर्वीच केलेले होते. थेंबाथेंबाने येणाऱ्या पैशाची शिस्त त्यांना ठाऊक होती ती तेथून.

पुण्यातील प्लेगच्या दिवसांत आश्रम शहराबाहेर हलविण्याची गरज पडली, त्या सुमारास रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि झोपडी बांधण्यासाठी साडेसातशे रुपये दिले. १९०० साली त्या माळावर एक साधी झोपडी उभी राहिली. दिवसा कॉलेजात गणित शिकवावे, संध्याकाळी आश्रमासाठी लागणारा जिन्नस घेऊन पायी हिंगणे गाठावे आणि सकाळी पुन्हा पुण्यास यावे, असा क्रम कर्व्यांनी पुढे चालविला. हे कष्ट मी गौरवासाठी सांगत नाही. गौरव पुष्कळांनी केलेला आहे आणि १९५८ च्या भारतरत्नाने तो सरकारमान्यही झाला. माझा मुद्दा व्यवहाराचा आहे. पुण्यातील ज्या सुशिक्षितांकडे ते देणगी मागण्यास जात, त्यांनी त्यांना ओझे घेऊन त्या रस्त्याने जाताना पाहिलेले असे, आणि त्यामुळे मागणीचे निम्मे काम ते दारात येण्यापूर्वीच झालेले असे.

हिंगण्याच्या देणग्यांच्या इतिहासात पार्वतीबाई आठवले यांचे नाव मात्र आज सहसा कोणी घेत नाही, आणि हा विस्मृतीचा अन्याय आहे. कर्व्यांच्या पत्नी बाया यांच्या या भगिनी स्वतः ऐन तारुण्यात विधवा झालेल्या, उशिरा शिकलेल्या, इंग्रजीचे ज्ञान बेताचे. कित्येक वर्षे जुन्या वळणाच्या विधवेच्या वेषातच राहून त्या आश्रमासाठी गावोगाव फिरल्या, आणि जेथे सुधारकाला उंबरठ्यावरूनच परत पाठविले असते अशा घरांच्या माजघरापर्यंत त्यांना प्रवेश मिळाला. पुढे १९१८ मध्ये त्या एकट्या अमेरिकेस गेल्या, तेथे घरकाम करून राहिल्या, आणि आपल्या 'माझी कहाणी' या १९२८ च्या आत्मचरित्रात त्यांनी तो सारा प्रवास कोठेही फुशारकी न मारता सांगितला आहे. कोणी मागावे, या प्रश्नावर आजचे सल्लागार लांबलचक उपपत्ती मांडतात. ज्याच्यासाठी मागावयाचे त्याच अवस्थेतून गेलेल्या माणसाने मागितले म्हणजे समोरच्याच्या शंका कशा गळून पडतात, हे पार्वतीबाईंच्या भ्रमंतीवरून जितके स्पष्ट होते तितके त्या उपपत्तींवरून होत नाही. संस्थेच्या वतीने बोलण्यास नेहमी अध्यक्षांनाच पाठविण्याचा जो परिपाठ आहे, तो म्हणूनच मला बहुधा निरुपयोगी वाटतो.

लहान देणग्यांविषयी बोलताना मोठ्या देणगीला विसरणे शक्य नाही, कारण कर्व्यांच्याच चरित्रात तिचा सर्वात प्रसिद्ध प्रसंग आहे. १९१६ साली अवघ्या पाच विद्यार्थिनींनिशी सुरू झालेल्या त्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. त्या काळच्या पंधरा लक्षांचे मोल सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु ही देणगी अटींसह होती; प्रत्यक्षात विद्यापीठाच्या हाती पडे ते त्या रकमेचे वार्षिक व्याज, आणि काही वर्षांनी अटींच्या पूर्ततेवरून विश्वस्तांशी मतभेद होऊन तेही थांबले, तेव्हा विद्यापीठाचा श्वास कोंडला. अखेर तडजोड झाली आणि १९३६ मध्ये विद्यापीठाचे ठाणे मुंबईस हलले. देणगीदाराची यात काही चूक होती असे मी म्हणत नाही. उलट त्या औदार्यावाचून विद्यापीठ टिकलेच नसते असे मानण्यास जागा आहे. मात्र ज्या संस्थेच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग एकाच घराण्यातून येतो, तिच्या कार्यकारी मंडळाने आपण नोकरी पत्करली आहे हे मनाशी समजून असावे. कर्व्यांनी ते ओळखले असावे असे दिसते, कारण एवढी देणगी मिळाल्यावरही सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ युरोप, अमेरिका, जपान आणि नंतर आफ्रिका येथे विद्यापीठाची माहिती सांगत हिंडत होता.

नावाच्या बदल्यात पैसा घ्यावा की नाही, या वादात कर्मवीर भाऊराव पाटलांची गोष्ट नेहमी सांगितली जाते. साताऱ्यास १९४७ साली निघालेल्या कॉलेजला दिलेले शिवछत्रपतींचे नाव बदलल्यास मोठी रक्कम देण्यास कोणी धनिक तयार होता, आणि भाऊरावांनी 'एक वेळ बापाचे नाव बदलीन, पण महाराजांचे नाही' अशा अर्थाचे उत्तर देऊन त्याला वाटेला लावले, अशी ती हकीकत आहे. तिचे शब्द पिढ्यापिढ्यांत घासले गेले असतील. तथापि भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेचा स्वभाव तिच्यात पुरता उतरला आहे. कर्व्यांनी नाव दिले आणि भाऊरावांनी नाकारले, आणि दोघेही बरोबर होते, असे म्हणण्याचे धाडस मी करतो. महिला विद्यापीठाच्या आधीच्या नावाशी कोणाचीही भावना गुंतलेली नव्हती. साताऱ्याच्या नावात मात्र ज्या शेतकऱ्यांच्या पैशावर संस्था चालली होती त्यांचा अभिमान साठलेला होता, आणि तो विकावयाचा अधिकार एकट्या भाऊरावांचा नव्हता.

शेतकऱ्यांचा तो पैसा मुख्यतः धान्याच्या रूपाने आला होता. संस्थेची स्थापना १९१९ च्या ऑक्टोबरात कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी झाली, १९२४ मध्ये ती साताऱ्यास आली, आणि वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने एकामागून एक गेले. परंतु दागिने संपतात. घरोघरच्या बायकांनी दळणाच्या किंवा स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ धान्य बाजूस काढावे आणि ते ठरावीक दिवशी गोळा व्हावे, हा मुष्टिफंडाचा उपक्रम मात्र संपणारा नव्हता. त्याचे अर्थशास्त्र पाहण्यासारखे आहे. एका मुठीने घरधनिणीला काहीच तोशीस पडत नाही. मागण्यासाठी दर वेळी मन वळवावे लागत नाही, कारण निश्चय एकदाच झालेला असतो. गोळा करण्याचा खर्च गावातल्याच मुलांच्या पायांवर भागतो. आणि ज्या घरातून दर आठवड्यास धान्य जाते त्या घराला शाळेत काय चालले आहे हे विचारण्याचा हक्क आपोआप प्राप्त होतो. १९४८ मध्ये सरकारी अनुदान बंद पडण्याचा प्रसंग या संस्थेवर आला, तेव्हा ती कोलमडली नाही याचे बीज या शेवटच्या गोष्टीत आहे.

याच्या उलट बाजूस पैसाफंडाचा अनुभव ठेवून पाहावा. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येक देशबांधवाकडून एकेक पैसा जमवून स्वदेशी उद्योगधंद्यांना भांडवल पुरविण्याची कल्पना काढली, लोकमान्यांनी ती उचलून धरली, आणि तिच्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. तेथे काचकामाचे शिक्षण घेतलेल्या माणसांनी पुढे देशात ठिकठिकाणी हा धंदा नेला, म्हणून फंड निष्फळ झाला असे कोणी म्हणू नये. पण एकेक पैसा गोळा करण्यासाठी काळ्यांना जी पायपीट करावी लागली तिचा हिशेब मांडला, तर ही योजना सामान्य चिटणिसाच्या आवाक्यातली नव्हती हे दिसून येते. पैसा आणि मूठ यांच्या किमतीत फारसा भेद नाही. भेद आहे तो अंतराचा. मुष्टिफंड शाळेच्या परिसरातच जमे आणि तेथेच खर्ची पडे, तर पैसाफंड साऱ्या देशाचा होता आणि कारखाना एका गावी. आजही संगणकावरून हजारो अनोळखी माणसांकडे शंभर शंभर रुपये मागणाऱ्या मोहिमांत हाच भेद आड येतो. भ्रमणध्वनीवर चौकोनी चिन्ह टिपून पैसे पाठविण्याची सोय झाल्यापासून गोळा करण्याचा खर्च जवळजवळ नाहीसा झाला हे खरे. परंतु देणारा व घेणारा यांतले अंतर त्याने कमी झालेले नाही. एका रात्रीत मोठी रक्कम जमते आणि पुढच्या वर्षी त्या देणाऱ्यांपैकी कोणालाही संस्थेचे नाव आठवत नाही, असे आता वारंवार घडते. टिळक स्वराज्य फंडाचे एक कोटी रुपये ३० जून १९२१ या मुदतीत जमले, ते एका राष्ट्रव्यापी लाटेवर. अशी लाट कोणत्याही बालवाडीच्या किंवा वृद्धाश्रमाच्या वाट्यास येत नसते.

कशासाठी मागावे, या प्रकरणात ग्रंथकर्त्याने जे म्हटले आहे ते मला सर्वस्वी मान्य आहे, आणि ते आणखी कठोर शब्दांत म्हटले असते तरी चालले असते. इमारतीसाठी देणगी मिळते, कारण भिंतीवर संगमरवरी पाटी बसते. रुग्णवाहिकेसाठी मिळते, कारण तिच्या पाठीवर नाव रंगविता येते. पण त्या रुग्णवाहिकेच्या चालकाच्या पगारासाठी कोणी देत नाही. आमच्या समाजात सेवा करणाऱ्याने उपाशी राहावे अशी एक सुप्त अपेक्षा आहे, आणि संस्थाही तिला खतपाणी घालतात. आपल्या पत्रकात 'प्रशासनावर एक पैसाही खर्च होत नाही' असे अभिमानाने छापतात, मग हिशेबनीस ठेवण्यास पैसे नसतात, आणि हिशेब दोन-दोन वर्षे मागे पडतात. या गैरसमजुतीवर समाजानेच काढलेला एक तोडगा म्हणजे सामाजिक कृतज्ञता निधी होय. डॉक्टर श्रीराम लागू, निळू फुले, नरेंद्र दाभोलकर आदींनी पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देता यावे म्हणून कायम निधी उभारण्याचे ठरविले, आणि त्यासाठी नामवंत कलावंतांना घेऊन आचार्य अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगाव केले. मदतीच्या प्रयोगाची प्रथा मराठी रंगभूमीवर जुनीच. येथे नवे होते ते एवढेच की मुद्दल अबाधित ठेवावयाचे आणि त्याच्या व्याजातून माणूस जगवावयाचा.

कायद्याचा भाग ग्रंथात सविस्तर आहे, तेव्हा मी त्याला ओझरता स्पर्श करतो. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदणी, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंद, दरसाल तपासलेले हिशेब, आणि विश्वस्त बदलले की बदल अर्ज, हा सारा सोपस्कार पुष्कळांना जाच वाटतो. परंतु मोठ्या देणगीसाठी कागदपत्रे मागविली जातात तेव्हा नेमका मयत विश्वस्ताच्या जागी नव्याचा बदल अर्ज प्रलंबित असतो आणि संधी हातची जाते. आयकरातील ८०-जी ची सवलत देणगीदारास सांगण्याची चाल सार्वत्रिक आहे. मात्र दोन हजारांवरील रोख देणगीला ती मिळत नाही, आणि नवी करप्रणाली स्वीकारलेल्या पगारदाराला तर ती मुळीच उपलब्ध नाही, तेव्हा केवळ सवलतीच्या आमिषावर चाललेल्या संस्थांनी आपल्या आवाहनाची भाषा वेळीच बदलावी. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करण्यास बांधून घेतले. त्यामुळे एक नवा दाता उदयास आला खरा, पण त्याचे लक्ष वर्षअखेरीकडे असते आणि संस्थेचे काम वर्षअखेरीस संपत नसते. परदेशी पैशाविषयी इतकेच सांगावेसे वाटते की, अमेरिकेतील मराठी मंडळींनी १९७८ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या संस्थांकडे आशेने पाहणाऱ्यांनी आधी २०१० चा विदेशी अंशदान अधिनियम आणि त्याची २०२० ची दुरुस्ती वाचावी. आता असे पैसे प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यातच यावे लागतात, आणि त्यांतून प्रशासनावर वीस टक्क्यांहून अधिक खर्च करता येत नाही.

मागण्याच्या प्रत्यक्ष कृतीविषयी मात्र माझा ग्रंथकर्त्याशी एका ठिकाणी मतभेद आहे. मेजवान्या, संगीतरजनी, सोडती आणि गौरवसमारंभ यांवर त्याने बरीच पृष्ठे खर्ची घातली आहेत. अशा समारंभांचा खर्च वजा जाता हाती काय राहते याचा प्रामाणिक ताळेबंद मांडला, आणि त्यात कार्यकर्त्यांच्या दोन महिन्यांच्या वेळेचे मोल धरले, तर बहुतेक समारंभ तोट्यात निघतील, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे. त्यापेक्षा गेल्या दशकात 'लोकसत्ता'ने गणेशोत्सवाच्या काळात 'सर्वकार्येषु सर्वदा' या नावाने जो उपक्रम चालविला, त्याचा अभ्यास या ग्रंथात हवा होता. निवडक संस्थांची शांत, तपशीलवार ओळख रोज एक याप्रमाणे छापावी, आणि वाचकांनी धनादेश थेट त्या त्या संस्थेच्या नावे काढून पाठवावेत, इतकीच त्याची रचना. ना व्यासपीठ, ना हार. निवृत्त शिक्षक, बँकेतले कारकून, गृहिणी अशा वाचकांनी त्यावर लहानमोठ्या रकमा पाठविल्या. कारण माहिती पुरेशी होती, आणि संस्थेची पारख आपल्या वतीने कोणीतरी केलेली आहे हा विश्वास होता.

पावती किती दिवसांत जावी, आभारपत्र कोणी लिहावे, रक्कम नेमकी सांगावी की देणाऱ्यावर सोपवावी, अशा बारीक गोष्टींवर ग्रंथकर्त्याने दिलेले नियम निमूटपणे पाळावेत. विशेषतः रक्कम सांगावी, हा त्याचा आग्रह रास्त आहे. 'यथाशक्ती द्या' म्हणणारा समोरच्याला कोड्यात टाकतो, तर एका विद्यार्थिनीच्या वर्षाच्या भोजनखर्चाचा आकडा सांगणारा त्याला एक निर्णय करण्याची संधी देतो. एकच पुस्ती जोडतो: तो आकडा खरा असावा, आणि देणगीदाराने उद्या खतावणी उघडून पाहिली तर तेथे तोच सापडावा.

मृत्युपत्राद्वारे मिळणाऱ्या देणग्यांवरचे अखेरचे प्रकरण मला अपुरे वाटले. अपत्यहीन वा परदेशस्थ अपत्ये असलेल्या वृद्ध दांपत्यांची संख्या पुण्यामुंबईत आज एवढी वाढली आहे की हा विषय संकोचाने टाळणे कोणत्याही चिटणिसास परवडणार नाही. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात, हे पुष्कळांस ठाऊक असते; पण संस्थेचे नाव बोलीभाषेतले न लिहिता नोंदणीपत्रकातले लिहावे, सोबत नोंदणी क्रमांक घालावा, आणि रक्कम कायम निधीत जावी की चालू खर्चास वापरावी हे स्पष्ट करावे, एवढी माहिती छापलेला साधा कागदही फार थोड्या संस्था बाळगतात. पुढील आवृत्तीत त्या कागदाचा एक नमुना परिशिष्टात दिला जावा, अशी सूचना मी प्रकाशकांस केलेली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे.